पणजोबांची विंचेस्टर नक्की कोणत्या सालची?

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-चोपडा-शिरपूर पट्ट्यात, एखाद्या जुन्या घरातल्या लोखंडी कपाटातून अजूनही लिव्हरची, म्हणजे खालचा दांडा ओढून पुढची गोळी भरायची, अमेरिकन कंपनीची विंचेस्टर रायफल निघते. परवाना बापाकडून लेकाकडे आलेला, गोळी झाडून जमाना झालेला. आणि मालक छाती फुगवून सांगतो, “भो, अठराशे चौऱ्याण्णवची आहे!”

त्यांचंही खरं, कारण बंदुकीवर तसं कोरलेलंच असतं. पण १८९४ हे बंदुकांचा रचनाकार जॉन ब्राउनिंगने आखलेल्या मॉडेलचं नाव. शेजारी २१ ऑगस्ट १८९४ अशी तारीख दिसते, ती पेटंटची. ती पुढेही वर्षानुवर्षं तशीच ठोकली जायची. त्यावरून एवढंच कळतं की रायफल त्याआधीची नाही.

वडलांचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे यंत्र दिसलं की मी आधी नंबर शोधतो. या मॉडेलचा नंबर रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या धातूच्या पेटीच्या, खालच्या अंगाला, पुढे असतो. कपाट उघडायचीही गरज नाही, परवान्याच्या पुस्तकात तो लिहिलेला असतो. दहा लाखावी रायफल कंपनीने १९२७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली, पंधरा लाखावी १९४८ मध्ये ट्रुमन यांना, वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना. १९६४ ला बनवण्याची पद्धत बदलली आणि नंबर २७ लाखांपासून सुरू झाले. एवढे टप्पे तोंडपाठ असले की बरंच काम होतं. शिरपूरकडच्या एका काकांच्या रायफलीचा नंबर दहा लाखांच्या थोडा पुढचा. म्हणजे त्यांची ‘१८९४ची’ रायफल बसल्या जागी तीसेक वर्षांनी तरुण झाली. काकांना ते काही रुचलं नाही. पणजोबांनी मारलेल्या बिबट्याचं काय करायचं मग?

नंबरानंतर नळी बघायची. लंबगोलात ‘डब्ल्यूपी’ हा कंपनीच्या चाचणीचा छाप १९०५ पासूनचा. नंबर त्याआधीचा आणि नळीवर हा छाप असेल, तर नळी बदलली असावी किंवा रायफल दुरुस्तीला कारखान्यात जाऊन आली असावी. आपल्याकडे काही बंदुका इंग्लंडमार्गे आल्या. त्यांच्यावर कधी ‘नॉट इंग्लिश मेक’ असा छाप सापडतो. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहांत तो १९२५ ते १९५५ या काळात मारत. पण तो चाचणीचा काळ आहे, जन्माचा नव्हे. १९१० ची रायफलही १९३० मध्ये तिथे गेलेली असू शकते.

हे सगळं मालकाच्या हातात बंदूक असताना, आणि ती रिकामी आहे याची खात्री करूनच. गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत असतात, वरून दिसत नाहीत. आणि कृपा करून दसऱ्याला पॉलिश पेपर मारू नका! एका घरी पूजेसाठी इतकी चकचकीत केली होती की छाप बोटांनीही लागेनात. गंज आला तर तेलाचा हात पुरे.

अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात कंपनीच्या जुन्या वह्या आहेत. नंबर कळवून, पैसे भरून तिथून पत्र मागवता येतं. पण १८९४ मॉडेलच्या तिथल्या नोंदी साधारण साडेतीन लाख नंबरापर्यंतच्या. काकांनी ते पैसे वाचवावेत.