भाचीसाठी सेकंडहँड लेन्स घेताना

फोटोग्राफीचं वेड असलेल्या माणसाला काय द्यावं? कॅमेऱ्याच्या चित्राचा मग सोडला, तर बाकी सगळं त्याच्या कॅमेऱ्यावर अवलंबून. भाचीकडे निकॉन डी३५०० आहे, एवढं ताईकडून काढून घेतलं. लेन्सचं मात्र भाचीला विचारायची सोय नव्हती, गुपित फुटलं असतं.

मग "तुझे आवडते फोटो पाठव गं, डॉक्युमेंट करून पाठव" असं सांगितलं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की आतली तांत्रिक माहिती गळते, डॉक्युमेंटमध्ये टिकते. कॉम्प्युटरवर एकेका फाइलचे डिटेल्स उघडले. लेन्स १८-५५ मिमीची झूम, पण बहुतेक फोटो ३० ते ४० मिमीच्या मधले. गिरगावातली चाळीची गॅलरी, जिन्यात बसलेल्या आजी, गणपतीच्या कारखान्यातले मातीचे हात. अंधारातले फोटो आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदना, ६४०० वर नेऊन काढलेले, म्हणून रवाळ. म्हणजे ३५ मिमी एफ १.८ च हवी; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं उघडतं. तिची कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स तिथे जेवढा उजेड घेते, त्याच्या सहापटीहून जास्त ही घेते.

नवी परवडेना, म्हणून फोर्ट गाठलं. बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. दुकानदारांनी आधी ५० मिमीची जुनी 'डी' पुढे केली, "स्वस्तात पडेल मॅडम." पण त्या लेन्सला फोकसची मोटर नसते आणि डी३५०० च्या बॉडीतही नाही, जन्मभर हाताने फोकस करावा लागला असता. आत मोटर असलेली ३५ मिमीची एएफ-एस मागितली, तेव्हा आतलं कपाट उघडलं.

खरा वेळ इथे गेला. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारून लेन्स हळूहळू तिरकी करत पाहायची. धुळीचे चार कण चालतात. पहिलीत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले: फंगस, म्हणजे बुरशी. मुंबईचा पावसाळा काढलेल्या लेन्सचं हे नेहमीचं दुखणं. ती परत केली. दुसरी स्वच्छ निघाली. तिच्या मागची बारीक दांडी नखाने सरकवून सोडली. भोक लहान-मोठं करणारी सातही पाती झटकन मिटली, तेलाचा डाग नाही. मग दुकानातल्याच बॉडीवर लावून, एफ १.८ ठेवून, टेबलावर आडव्या पसरलेल्या पेपरचा तिरका फोटो काढला. ज्या ओळीवर फोकस धरला तीच ठसठशीत आली, तेव्हा पैसे दिले.

उरलेल्या पैशांत हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घेतला. आत ४० ते ५० टक्के आर्द्रता राहिली की पुरे. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात, पण ते निळे कोबाल्टमुळे असतात, त्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यात नकोत. मी नारिंगी घेतले. माझ्या मते मुंबईत कुणालाही लेन्स द्यायची, तर डबा सोबत हवाच.

"मावशी, ही झूमच होत नाही!" ही पहिली प्रतिक्रिया. म्हटलं, पाय आहेत ना. सुरुवातीला सगळंच १.८ वर काढत होती. एक डोळा स्पष्ट, कान गायब. आता जवळच्या चेहऱ्याला भोक जरा मिटवून २.८ ठेवते. पहाटे दादरच्या फुलबाजारात शटर १/१२५ सेकंदावर धरून आयएसओ ऑटो सोडते, आणि रवा आला तरी चालवून घेते. पुढच्या वाढदिवसाला ट्रायपॉड हवाय, हे आत्ताच सांगून ठेवलंय.