दिवसाला दोनच ओढणाऱ्यांसाठी

टपरीवर चहा घेताना हे हमखास ऐकू येतं, अरे मी कुठे सिगारेटचं पाकीट संपवतो, दिवसाला दोनच. आणि त्यामागोमाग गावाकडचे ते आजोबा येतात, जे म्हणे बिडी ओढत ओढत नव्वदी पार करून गेले. मी स्वतः ओढत नाही म्हणून माझं कुणी ऐकत नाही, पण लिहितो.

१९५१ मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन ब्रिटिश संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली, तुम्ही किती ओढता ते कळवा म्हणून. साधारण ३४ हजार पुरुष डॉक्टरांची नोंद झाली आणि मग तब्बल ५० वर्षं, डॉल आणि त्याचे सहकारी कोण कशाने गेलं हे लिहून ठेवत बसले. एवढा पेशन्स! २००४ मध्ये हिशोब आला: आयुष्यभर ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. पण सरासरी म्हणजे प्रत्येकाची दहा कापली असं नाही हां, जवळपास निम्म्यांचा जीव तंबाखूने घेतला, त्यातले काही तर पन्नाशी-साठीतच गेले, आणि बाकीचे वाचले. आजोबा त्या वाचलेल्यांतले. जे लवकर गेले त्यांचे किस्से टपरीवर सांगायला कोण येणार?

आता ते दोनचं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये रोज किती ओढली यापेक्षा किती वर्षं ओढली याचा भार खूप जास्त पडतो, म्हणजे विसाव्या वर्षापासूनच्या दोन-दोन काही फुकट जात नाहीत. हृदयाचं तर अजूनच विचित्र, दिवसाला एकच ओढली तरी वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा जादा धोका येतोच, त्यामुळे वीसवरून दोनवर आलो म्हणून धोका दहा टक्क्यांवर आला असं होत नाही. बिडी हलकी वाटते तेही खरं नाही, भारतातल्या पाहणीत बिडीवाल्या पुरुषांची सुमारे ६ वर्षं गेली आणि बायकांची ८.

सोडण्याचे आकडे मात्र भारी आहेत. साठीला सोडली तर ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीला ६, चाळिशीला ९, तिशीला सोडली तर जवळपास सगळी १०. डॉलने स्वतः पस्तिशी ओलांडल्यावर सोडली आणि ९२ वर्षं जगला.

ऑफिसातल्या एकाला, वय चाळीस, हे पाठवलं तर त्याचा रिप्लाय: म्हणजे अजून दहा वर्षं ओढली तर तीनच जातात ना, परवडतं. गणित बरोबर आहे त्याचं, फक्त पन्नाशीपर्यंत आपल्याला काहीच होणार नाही हे त्याने आधीच धरून टाकलंय.