तीन आवाज

परवा डेड स्टॉकची यादी सहीसाठी माझ्या टेबलावर आली. चौदाव्या ओळीत आमचा डॅकचा, म्हणजे सेन्सरची मोजमापं यूएसबीनं पीसीकडे पोचवणारा डबा, आणि पुढे शेरा: 'संगणक ओळखत नाही, निर्लेखित करावे.'

मी सही केली नाही. सोळा चॅनेलचा हा डबा २०१० मध्ये आमच्या हीट ट्रान्सफर लॅबमध्ये आला, तेव्हा त्याचं खोकं मीच फोडलं होतं. प्रयोग कंपोझिट वॉलचा असो की पिन-फिनचा, थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेच्या सेन्सरचं) प्रत्येक रीडिंग त्याच्यातूनच गेलंय. जूनमध्ये शेजारचा विंडोज ७ चा पीसी बंद पडला, विंडोज ११ चा नवा आला, आणि "फर्मवेअर उडालं" म्हणून पोरांनी डबा कपाटावर टाकला.

फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारा त्याचा आतला प्रोग्राम, उडायला ते मुळात आत असावं लागतं. आमच्या डब्यात सायप्रेसची एफएक्स२ चिप आहे. तिच्या पोटात ८०५१ या प्रोसेसरचा गाभा आणि १६ केबी रॅम. वीज गेली की रॅम कोरी. शेजारच्या छोट्या ईईप्रॉममध्ये (ही मेमरी वीज गेली तरी कोरी होत नाही) फक्त व्हीआयडी आणि पीआयडी, म्हणजे कोणत्या कंपनीचा कोणता डबा एवढंच. केबल लावली की डबा हे पहिलं नाव सांगतो, पीसीवरचा लोडर ड्रायव्हर ते ओळखून फर्मवेअर आत भरतो, मग डबा स्वतःच सुटतो आणि दुसऱ्या नावानं परत जोडला जातो. हे दर वेळी, रोज सकाळी. (ईईप्रॉमच बिघडली तर तो चिपचं मूळ नाव सांगतो, व्हीआयडी ०४बी४ आणि पीआयडी ८६१३. आमची शाबूत होती.)

म्हणून मी आधी स्पीकर चालू करते. जोडल्याचा आवाज, सुटल्याचा, पुन्हा जोडल्याचा. तीन आले तर फर्मवेअर आत गेलं. एकच आला तर पहिल्या नावाशीच गाडी अडली.

आमच्या डब्याचा एकच आवाज येत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अननोन यूएसबी डिव्हाइस', कोड ४३, आणि डिटेल्समध्ये व्हीआयडी चार शून्यं. पोरांनी दोन दिवस ड्रायव्हर टाकून बघितले होते. पण चार शून्यं म्हणजे पीसीला डब्याचं नावच नीट ऐकू आलेलं नाही. नाव कळल्याशिवाय ड्रायव्हर जुळवणार कशाशी? केबल ऑफिसच्या प्रिंटरची होती, चौकोनी टोक सॉकेटात डुलत होतं. मी दुसरी, घट्ट बसणारी आखूड केबल आणली आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, मदरबोर्डच्या पोर्टला लावली. कंपनीचा व्हीआयडी लगेच दिसला. आता कोड २८, म्हणजे ड्रायव्हर नाही. हा कोड बघून मला हायसं वाटलं, कारण डबा बोलत होता.

खोक्याच्या थर्माकोलखाली सीडी मिळाली, त्यात ३२-बिट ड्रायव्हर. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं, तिथे तो चालणारच नव्हता. कंपनीचा नंतरचा ६४-बिट ड्रायव्हर शोधून टाकला तर कोड ५२: विंडोजला मान्य होईल अशी डिजिटल सही त्यावर नाही. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं आणि स्टार्टअप सेटिंग्जमध्ये सातवा पर्याय निवडून सहीची तपासणी त्या एका बूटपुरती बंद केली. डबा लावला. एक, दोन, तीन आवाज. शून्य क्रमांकाच्या चॅनेलवर ३१.४ अंश. भिंतीवरच्या तापमापीत एकतीस. शिपाई मामा दारात उभे होते, म्हणाले, "मॅडम, बोलला की ओ!"

पण पुढच्या रीस्टार्टला सगळं पूर्वीसारखं होणार. ज्या पीसीवर पोरं नेट वापरतात तिथे ही तपासणी कायमची बंद ठेवायला मी तयार नाही. एचओडी सरांना तसं सांगितलं आणि स्टोअरमधला ३२-बिट विंडोज ७ चा जुना लॅपटॉप मागून घेतला. नेटला जोडायचा नाही, पेनड्राइव्ह तपासूनच लावायचा, या अटीवर.

त्यावर सीडीवरचा पहिला, म्हणजे लोडर ड्रायव्हर बसला, तिन्ही आवाज आले, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पुन्हा अडचणीचा पिवळा त्रिकोण. इथेच बहुतेक जण हात टेकतात. त्यांना वाटतं आधीचं इन्स्टॉलेशन फसलं. मी विंडोजच्या आयएनएफ फोल्डरमधली 'सेटअपएपीआय डॉट डेव्ह' नावाची लॉग फाइल उघडून तळापासून वर वाचत गेले. पीआयडी वेगळा होता. त्रिकोण दुसऱ्या नावाचा! त्याची आयएनएफ फाइल (कोणत्या नावाला कोणता ड्रायव्हर हे विंडोजला सांगणारी) सीडीवर वेगळ्या फोल्डरमध्ये होती. ती दाखवली आणि काम झालं.

आमच्या डब्याला सीरियल नंबर नाही, त्यामुळे पोर्ट बदलला की विंडोजला तो नवाच डबा वाटतो आणि दोन्ही ड्रायव्हरांची धावपळ परत सुरू होते. म्हणून लॅपटॉपच्या ज्या पोर्टवर तो चालला त्यावर मी लाल टेप लावलीय आणि सीडीच्या दोन प्रती काढून ठेवल्यात.

गेल्या शनिवारी डबा गुऱ्हाळावर नेला. पोरांचा प्रोजेक्ट चुलवाणाच्या उष्णतेवर आहे, काहिलीत चार के-टाइप थर्मोकपल सोडले होते. रस चढत होता, ९८, १०१, १०४. आणि चरकाची मोटर सुरू झाली तशी स्क्रीन थिजली. डबा सुटला होता. पोरांनी सोयीसाठी पाच मीटरची केबल लावली होती, तीही मोटरच्या वायरीला लागूनच, आणि लॅपटॉप मोटरच्याच बोर्डावर. टेबल काहिलीजवळ ओढलं, आखूड केबल लावली, थर्मोकपलच्या वायरी मोटरपासून लांबून फिरवल्या, लॅपटॉपला घराकडून वेगळी लाइन घेतली. नंतर मोटर चार वेळा सुरू झाली, डबा हलला नाही.

शेवटी गुळव्यानं पाक गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघितली आणि काहील उतरवायला सांगितली. त्या क्षणी स्क्रीनवर ११७.८ होते. तो आकडा पोरीनं वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

सोमवारी यादीतली चौदावी ओळ मी खोडली आणि शेजारी लिहिलं: 'चालू स्थितीत. लाल टेपचा पोर्ट वापरावा.'