नौसैनिकाच्या घरची फाइल

गोव्यात डिचोली-पेडण्याकडे पेन्शन अडते ती बहुधा नावावरून. लग्नात बायकोचं नाव बदललेलं; नौदलाच्या नोंदीत एक, आधारवर दुसरं. निवृत्त नौसैनिक हयात असतानाच पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश), आधार, पॅन, पासबुक शेजारी शेजारी ठेवून स्पेलिंग ताडून पाहावं. फरक असेल तर मुंबईत मानखुर्दच्या नाविक ब्युरोकडे (नौसैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) दुरुस्ती मागावी. मागाहून हेच काम विधवेच्या गळ्यात पडतं, आणि सही करणारा माणूस नसतो.

हयातीचा दाखला दर वर्षी, ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेसाठी. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत (आयुष्यभर दोरखंड ओढलेले हात ते!), तिथे चेहरा ओळखणारं ॲप चालतं.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा (नवऱ्यामागे बायकोला मिळणाऱ्या पेन्शनचा) नेहमीचा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. खातं मात्र दोघांच्या नावे असलेलं बरं.