तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं बोलून काय होतं?

शाळेत समुपदेशक आहे म्हटलं की पालकसभेत, लग्नकार्यात, कुठेही हाच प्रश्न येतो: "लाजाळू मुलांशी नुसतं बोलून काय होतं हो?" एकदा नीटच उत्तर देते.

मी कुणाला बोलकं करत नाही. ज्याला गप्प राहायला आवडतं त्याला सुखानं राहू द्या. माझी गरज आहे ती ज्याला बोलायचंय, पण हजेरीत आपला नंबर जवळ आला की घाम फुटतो, त्याला.

नववीतली एक मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मराठीच्या तोंडी परीक्षेचे गुण सोडून द्यायलाही ती तयार होती. आम्ही वहीत दोन रकाने आखले: 'काय होईल असं वाटतं' आणि 'काय झालं'. मग सोप्याकडून अवघडाकडे. दुकानात जाऊन रिफिल मागायची. स्टाफरूमच्या दारात बाईंना एक शंका विचारायची. रिकाम्या वर्गात कविता म्हणायची, आधी माझ्यासमोर, मग दोन मैत्रिणींसमोर. दरवेळी डावीकडे "सगळे हसतील", उजवीकडे "कुणी हसलं नाही".

मग एका तासाला ती आपणहून उत्तर द्यायला उभी राहिली. सर म्हणाले, "अरे वा, मुक्याला वाचा फुटली!" अख्खा वर्ग हसला. ती उत्तर न देताच बसली आणि माझ्याकडे यायचीच बंद झाली. वडील येऊन म्हणाले, "मॅडम, होती तशीच बरी होती." सरांच्या मनात वाईट नव्हतं, मान्य. तरी मला त्यांचा राग आला, आजही येतो.

बऱ्याच दिवसांनी ती आली ती वही घेऊनच. उजव्या रकान्यात लिहिलं होतं: "हसले. मग घंटा झाली. डबा खाल्ला. मैत्रिणीनं माझं लोणचं संपवलं."

विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत, १९५५च्या सुमारास मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस तरुणपणी असेच बुजरे होते. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी ते मुद्दाम जाऊन बोलत. बहुतेक ठिकाणी नकारच मिळाला, पण त्यातून काही भयंकर घडलं नाही, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. ती आपली आपण तिथे पोचली.

पूर्वी मी पालकांना सांगायचे, मुलांची भीती खोटी असते, ते त्यांना दाखवून द्यायचं. हिची तर खरी ठरली, आणि तरी ती परत आली. म्हणून काय, प्रत्येकाला ते हसणं झेपेल? एखादा कायमचा मिटेल. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तोंडी परीक्षा तिनं दिली, खालच्या आवाजात. वर्गात अजूनही हात वर करत नाही. "म्हणजे बरी झाली की नाही?" वडील विचारतात. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. शिक्षकांच्या बैठकीत बोलायला अर्धा तास द्या, असा अर्ज मात्र दिलाय. मुलांची तयारी मी करून घेते. वर्गाची कुणीतरी करायला हवी ना?