दुसरा हेलकावा

‘मारुती एस्टीमला कंपनीचे सोडून बाहेरचे शॉकअप टाकलेत म्हणे. आता खड्ड्यांत मऊ चालते का?’ पार्किंगमध्ये भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो. जोडीला दुसरा प्रश्न असतोच: एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सगळं नीट लिहितो.

मऊ चालत नाही. पूर्वीपेक्षा थोडी कडकच झाली आहे. खड्डा आला की दणका बसतो, पण एकदाच. पूर्वी त्या दणक्यानंतर गाडी दोन-तीनदा वरखाली व्हायची आणि मागे बसलेल्या आईची मान डुलत राहायची. आता दुसरा हेलकावा येत नाही. माझे पैसे तेवढ्यासाठी गेले आणि ते पुरेपूर वसूल झाले.

गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअप त्या स्प्रिंगची उसळी जिरवतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकललं जातं, आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. पण मुंबईत खड्डा एकटा येत नाही. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर ठोक्यामागून ठोके बसतात. साध्या शॉकअपमध्ये तेलाच्या वर हवा असते. सततच्या ठोक्यांनी ती तेलात मिसळून फेस होतो, आणि फेस काय उसळी अडवणार? गॅसच्या शॉकअपमध्ये हवेच्या जागी दाबाखाली नायट्रोजन असतो, म्हणून तेल इतक्या सहज फेसाळत नाही. मी घेतले ते असे जपानी, चारही चाकांचे एकदम. निदान पुढचे दोन किंवा मागचे दोन असे जोडीने तरी बदलायलाच हवेत.

तरीही मोठा फरक आधी रबराने पडला. गाडी २००१ ची. चाकाला खालून धरणारा दांडा म्हणजे लोअर आर्म, आणि त्याच्या सांध्यातलं रबर म्हणजे बुश. खाडीची हवा आणि इतके पावसाळे खाल्लेले ते बुश बोटाने दाबले तरी चिरा उघडत होत्या. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी, जिथे वर बॉडीला बसते त्या माउंटिंगचं रबर बसून गेलं होतं. अशा गाडीत महागातले शॉकअप टाकले तर खडखड तशीच राहते आणि माणूस शॉकअपला दोष देतो. म्हणून आधी बुश आणि बॉल जॉइंट, लिंक रॉड हे बाकीचे झिजणारे सांधे. शॉकअप त्यानंतर.

बुश बसवतानाची एक गोष्ट फार थोड्या गॅरेजांत पाळतात. हा बुश आतल्या आत फिरत नाही, त्याचं रबर पिळलं जातं. गाडी जॅकवर असताना, चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पक्कं होतं. मग गाडी खाली टेकली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटची आवळणी गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करायची. मिस्त्रींना हे आधीच सांगा, हवं तर स्वतः उभे राहा.

उभं राहूनही माझा पहिला पुढचा जोड वाया गेला. वरचा नट आवळताना शॉकअपचा रॉड गोल फिरायला लागला, तेव्हा गॅरेजमधल्या मुलाने पाइप पान्याने रॉडच धरला. चकचकीत क्रोमवर नखाला लागेल एवढा ओरखडा उठला. तेव्हा मला त्याचं गांभीर्य कळलं नाही. तो रॉड प्रत्येक ठोक्याला तेल अडवणाऱ्या सीलमधून ये-जा करतो. दीड महिन्यात सील कापलं गेलं, शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकट धूळ. दुसऱ्या वेळी भांडुपच्या मिस्त्रींनी रॉडच्या टोकाच्या खाचेत चावी घालून तो स्थिर धरला. त्याआधी प्रत्येक शॉकअप उभा धरून चार-पाचदा पूर्ण दाबला. दाबून सोडला की रॉड आपोआप सावकाश वर यायचा. शेवटी चाकांची अलाइनमेंट.

मुलं विचारतात, स्प्रिंग कापून गाडी खाली का नाही केली? कापलेली स्प्रिंग कडक होते, तिला दबायला जागा कमी उरते, आणि गाडी रबरी स्टॉपवर आदळत चालते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. आपल्या गल्लीतले गतिरोधक तेवढी उंची हातभर अंतरात गाठतात. शिवाय कंपनीच्या मूळ मापापेक्षा वेगळे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी माझी गाडी वडाळ्याच्या आरटीओत उभी राहते. उंची मी मुळातलीच ठेवली.

आणि खर्च कशाला? खड्ड्यात चाक उसळून रस्ता सुटला की तेवढा वेळ ब्रेकही नाही आणि स्टिअरिंगही नाही. जुलैत ओल्या ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर हे मी अनुभवलंय. आता ईस्टर्न फ्रीवेच्या पुलाच्या जोडांवरून जाताना ‘ठक्’ एवढंच ऐकू येतं, स्टिअरिंग हातात शांत असतं. एस्टीमची चारही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं. अशी गाडी हेलकावत ठेवणं मला बघवत नाही.

शॉकअप बनवणारी गॅब्रिएल कंपनी १९६१ ची, आणि तिचा कारखाना आमच्या मुलुंडमध्ये होता. तिथे नोकरीला असलेल्या चाळीतल्या एका काकांनी मला लहानपणी परीक्षा शिकवली होती: गाडीचा कोपरा सगळ्या वजनाने दाबायचा आणि एकदम सोडायचा. वर येऊन जागेवर बसली तर ठीक. डुलत राहिली तर शॉकअप संपला. बी विंगमधल्या वहिनींच्या मारुती झेनचा पुढचा उजवा कोपरा परवा दाबून पाहिला. तीनदा डुलला. रविवारी सकाळी गाडी वर घेणार आहोत, आधी बुश बघायला.