आमची वाटचाल : पेंडलच्या पायथ्याची मेणबत्ती

काळी मेणबत्ती जमली की धंदा जमला, असं मी मानते. पांढरी कुणीही करतं. काळ्याला रंग जास्त लागतो, आणि भुकटीचा रंग घातला तर त्याचे कण वातीत अडकतात, वात गुदमरते, ज्योत बारीक होऊन धूर सोडते. म्हणून मेणात पूर्ण विरघळणारा रंग घ्यायचा, वात नेहमीपेक्षा एक नंबर जास्त जाड घ्यायची आणि तीन मेणबत्त्या शेवटपर्यंत जाळून बघितल्याशिवाय घाण्याला हात घालायचा नाही. हे शिकायला मला दोन वर्षं आणि कितीतरी किलो मेण लागलं. आज सप्टेंबरपासून ऑक्टोबर संपेपर्यंत आमच्याकडून सगळ्यात जास्त काळ्याच जातात, आणि एकही परत येत नाही.

आमचा कारखाना म्हणजे इंग्लंडात लँकशरमधल्या एका जुन्या कापड गिरणीतला एक गाळा. खिडकीतून पेंडल टेकडी दिसते. 1612 मध्ये याच टेकडीच्या आसपासच्या गावांतल्या माणसांवर चेटूक केल्याचे खटले चालले आणि दहा जणांना फाशी झाली. बहुतेक बायका, बहुतेक गरीब. आज त्याच परिसरात स्वतःला अभिमानाने 'विच' म्हणवणारी माणसं राहतात. ती माझी गिऱ्हाइकं. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 74 हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात पेगन, म्हणजे निसर्गपूजक, लिहिलं, सुमारे 13 हजारांनी विक्का, म्हणजे आजच्या विच लोकांचा पंथ. इथला 1735 चा चेटूकविषयक कायदा 1951 मध्ये रद्द झाला, आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर नावाच्या, मलायात कस्टममध्ये नोकरी केलेल्या माणसाने ही उपासना उघडपणे लोकांपुढे मांडली. चंद्राच्या कला, वर्षाचे आठ सण, मीठ, पाणी, धूप, ज्योत. करणी नाही, बळी नाही, भानामती नाही. बरेच जण एकट्याने करतात, आपल्या स्वयंपाकघरात, आपल्याला हवं तसं.

हे सगळं मला सातारला बाबांना समजावून सांगायचं होतं.

माझे बाबा शाळामास्तर. डॉ. दाभोलकरांची भाषणं त्यांनी किती ऐकली याची गणती नाही. घरात लिंबू-मिरची कधी टांगली गेली नाही. आजी आमची दृष्ट काढायची ती बाबा शाळेत गेल्यावर, आणि मीठ-मोहऱ्या चुलीत तडतडल्या की खिडकी उघडायची. आमच्या राज्यात सातपुड्यात आजही बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, हे बाबांनी आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. अशा माणसाच्या मुलीने परदेशात जाऊन विच लोकांना मेणबत्त्या विकाव्यात! पहिली तीन वर्षं मी त्यांना फक्त 'मेणबत्त्यांचा धंदा' एवढंच सांगितलं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्या रात्री बाबांना फोनवर शब्द फुटेना, आणि मला वाटलं, आता तर कधीच सांगता येणार नाही.

सुरुवात साधी होती. नवऱ्याची नोकरी इकडे, मला नोकरी नाही, 2010 मध्ये आठवडी बाजारात एक टेबल भाड्याने घेतलं. अवजारं तीन. एक उंच अरुंद पत्र्याचा डबा, तो मोठ्या पातेल्यातल्या गरम पाण्यात उभा करायचा. एक थर्मामीटर. आणि सांगाडा. सांगाडा नवऱ्याने सायकलच्या जुन्या चाकाच्या तारा वाकवून केला, त्यावर एका वेळी बारा वाती ताणून बसतात. मेण 70 अंशांच्या आसपास ठेवायचं. जास्त तापलं तर आधीचा थर विरघळून जातो, निवलं तर गाठी धरतात. सांगाडा एका दमात आत, एका दमात बाहेर. हात थांबला की कडं उठलंच. बोटाएवढ्या जाडीच्या मेणबत्तीला पंधरा-सोळा बुडव्या, शेवटची जरा जास्त गरम मेणात, म्हणजे अंगाला तकाकी येते. आज आमच्याकडे मशीन आहे. पण तो सांगाडा अजून खुंटीवर आहे, आणि नवीन वात आली की पहिला घाणा मी त्यावरच काढते.

त्या टेबलावर दुसऱ्याच महिन्यात एक आजी आल्या. निवृत्त नर्स, सत्तरी ओलांडलेली, हातात कापडी पिशवी. त्यांनी मेणबत्ती उचलली, वात नखाने दाबून पाहिली, बूड उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "बारा दे. पांढऱ्या." पुढच्या वर्षी पुन्हा बारा. मी विचारलं, रंगीत का नाही घेत? इतर लोक प्रेमाला गुलाबी, पैशाला हिरवी, रक्षणाला काळी नेतात. त्या म्हणाल्या, "पोरी, पांढरी सगळ्यांच्या जागी चालते. रंग ही चैन आहे." मी रंगीत मेणबत्त्या विकून पोट भरते, तरी हे वाक्य गेली कित्येक वर्षं प्रत्येक नवख्या गिऱ्हाइकाला सांगत आले आहे.

एकदा त्यांनी मला पौर्णिमेला घरी बोलावलं. ओट्यावर एक बशी, त्यात चमचाभर मीठ. काचेच्या पेल्यात नळाचं पाणी. फळं कापायची जुनी सुरी, मूठ काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली. परसातली वाळवलेली रोजमेरी. माझी एक मेणबत्ती, मातीच्या कुंडीखालच्या ताटलीत वाळू घालून तिच्यात उभी केलेली. सगळं मिळून दोन पौंडांच्या आत. त्यांनी मीठ पाण्यात सोडलं, चार दिशांना शिंपडलं, आणि मला एकदम आमची आजी आठवली, मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन माझ्यावरून ओवाळणारी. त्या रात्री मी बाबांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, "तू कुणाला फसवतेस का?" मी म्हटलं, नाही. "भीती घालून विकतेस का?" नाही. "मग कर."

आता 2016 बद्दल लिहिते. त्याबद्दल मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही.

जवळच्या एका शहरातलं एक दुकान आमचा माल घाऊक घ्यायचं. मालक गोड बोलणारा, उधारी साठ दिवसांची. त्याला सॅविनसाठी, म्हणजे 31 ऑक्टोबरसाठी, 'काहीतरी दिसायला भारी' हवं होतं: जाड मेणबत्ती, बाहेरून वाळलेली रोजमेरी, लॅव्हेंडर, गुलाबाच्या पाकळ्या चिकटवलेल्या. मी नाही म्हटलं. आजींनीही बजावलं होतं, "पाला ताटलीत ठेवावा, मेणबत्तीला लावू नये." वाळला पाला म्हणजे दुसरी वातच की! पण त्याने 400 नगांची ऑर्डर दिली, गाळ्याचं भाडं थकलं होतं, आणि मी हो म्हटलं. ही चूक माझी आहे आणि ती मी माझ्याच नावावर ठेवते.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. एका बाईच्या खिडकीत मेणबत्तीच्या अंगावरच्या पाल्याने पेट घेतला, पडदा पेटला, चौकट जळाली. कुणाला इजा झाली नाही, हे मी आजही देवाचे उपकार मानते. विम्याकडे गेले तर उत्तर आलं, तुमच्या कागदावर साध्या मेणबत्त्या आहेत, ही त्यात नाही. त्या बाईची खिडकी मी खिशातून भरून दिली.

मग माल परत गोळा करायचा होता. दुकानदार म्हणाला, "माझा संबंध नाही." फलकही लावू देईना. आजी माझ्याबरोबर तीन बाजार फिरल्या, गळ्यात पाटी अडकवून: 'या मेणबत्त्या घेतल्या असतील तर पैसे परत घ्या.' नोव्हेंबरातला पाऊस, वय सत्त्याहत्तर. 400 पैकी 311 परत आल्या. मी सगळ्या वितळवल्या, बाबांचं जुनं धोतर चार पदरी करून त्यातून मेण गाळलं, तरी ते शेवाळी रंगाचंच राहिलं.

आणि त्या दुकानदाराने काय केलं? आमचे सहा हजार आठशे पौंड बुडवले. वर गावभर सांगितलं की त्या इंडियन बाईच्या मेणबत्त्या घरं पेटवतात. आणि पुढच्या ऑक्टोबरात तशीच मेणबत्ती, तोच पाला, तोच आकार, स्वतःच्या नावाने बाजारात आणली. पेटीत घालून. 'प्रेम परत आणणारा संच', 'शत्रूचा बंदोबस्त करणारा संच', 45 पौंड. आत दोन मेणबत्त्या, एक रंगीत खडा, अर्धी मूठ पाला आणि एक चिठ्ठी: एकवीस दिवसांत फरक न दिसल्यास मोठा संच घ्यावा. माझ्याकडे एक मुलगी ती पेटी घेऊन रडत आली होती. तिने तीन संच घेतले होते. मला पैशांपेक्षा त्या चिठ्ठीचा राग जास्त आहे, आणि तो गेलेला नाही. बाबा ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर बोलले ते बुवा-मांत्रिक वेगळं काय करतात?

जानेवारी 2017 मध्ये खात्यात चारशे पौंड होते. बाबांनी फंडाच्या पैशातून मदत पाठवली. पैशांबरोबर निरोप एवढाच होता: 'तुझी मेणबत्ती काय करते आणि काय करत नाही, हे त्यावर लिही.' तेव्हापासून आमच्या प्रत्येक वेष्टनावर छापलेलं असतं: 'ही मेणबत्ती उजेड देते. याहून अधिक कसलाही दावा आम्ही करत नाही.' इथल्या कायद्यालाही हे धरून आहे, 2008 पासून खोट्या दाव्यांवर ग्राहकांच्या फसवणुकीचे नियम लागू होते, आणि 2025 पासून त्यांच्या जागी नवा कायदा आला आहे. पण आम्ही ते कायद्यासाठी छापलं नाही. विक्री पडेल असं सगळे म्हणाले होते. उलट वाढली. विच लोकांना कळतं की विधी त्यांचा असतो, मेण आमचं.

पुढची वर्षं नीट गेली.

आता नव्याने सुरू करणाऱ्यांना चार गोष्टी सांगते, कारण दुकानदार सांगणार नाहीत. पेटत्या ज्योतीला पाठ करून खोलीबाहेर जाऊ नका, आणि मेणाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही ओतू नका, झाकण टाका. कोळशाच्या चकतीवर धूप घालायचा तर खाली वाळू आणि खिडकी उघडी. आपल्याकडे ऊद घालताना हे सगळ्यांना माहीत असतं, इथे बंद खोलीत घालतात आणि डोकं दुखलं की त्याला साक्षात्कार समजतात. खडे पिण्याच्या पाण्यात टाकू नका, मॅलकाइटमध्ये तांबं असतं आणि गॅलिनामध्ये शिसं. बचनाग, धोतरा, बेलाडोना जुन्या पोथ्यांत कितीही शोभले तरी घरात नकोत, पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीतल्या झाडाचं तेल तर यकृत निकामी करतं. मांजर असेल तर टी ट्रीचं तेल लांब ठेवा. धुरासाठी जाळतात त्या पांढऱ्या सेजच्या जुड्या आम्ही विकत नाही. ते कॅलिफोर्नियातलं रानटी झुडूप, तिथल्या आदिवासींच्या पूजेतलं, आणि फॅशनपायी ते उपटून नेलं जातं. कुंडीतली रोजमेरी फुकट आहे. विधीची सुरी घराबाहेर घेऊन फिरू नका, इथला कायदा कडक आहे. घरातली कांदे चिरायची सुरी चालते. आणि तुमच्या मंडळात कुणी गुरू पैसे, कपडे उतरवणं किंवा गुप्ततेची शपथ मागत असेल तर उठून चालू लागा. एकट्याने केलेलं कमी भरत नाही.

आणि धंदेवाल्यांना एकच: साठ दिवसांची उधारी देऊ नका. तीस. लेखी.

बाबा 2019 मध्ये इकडे आले. गाळ्यात आल्यावर त्यांनी वेष्टनावरची ओळ चष्मा लावून दोनदा वाचली. मग बाही दुमडून सांगाडा हातात घेतला. पहिल्या दोन घाण्यांना कडी आली, तिसरा जमला. तिसऱ्या घाण्यातल्या बारा पांढऱ्या त्यांनी स्वतः गुंडाळल्या आणि आजींच्या घरी नेऊन दिल्या. भाषेची अडचण होती, तरी दोघं तासभर बसले. शाळा आणि हॉस्पिटल, एवढंच बोललो म्हणाले.

आजी आता वृद्धाश्रमात असतात. तिथे ज्योत लावायला मनाई आहे. मी एकदा बॅटरीची मेणबत्ती नेली तर त्यांनी ती टेबलाच्या खणात टाकली. त्यांना आमचीच हवी असते, न लावलेली. पौर्णिमेला खिडकीपाशी बसून ती हातात धरतात. नजर गेली आहे, पण बोटं तशीच तयार आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी वात नखाने दाबून विचारलं, "वात बदललीस का?" खरंच बदलली होती, जुना पुरवठादार बंद पडला म्हणून. मी घरी येऊन तिच्या तीन मेणबत्त्या पुन्हा शेवटपर्यंत जाळल्या. एकीची ज्योत उजवीकडे झुकत होती. तो सगळा घाणा मी मोडून टाकला.